न जुळवलेले आकडे

आदरणीय कांबळे सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांची माझी पहिली ओळख बोलणी खाऊनच झाली. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पावसाने सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवले होते आणि मी निलंग्याहून विज्ञान शिकायला आले होते. विद्युत क्षेत्र हे प्रभार आणि अंतर यांवर कसे अवलंबून असते, हा पहिलाच प्रयोग. माझी वही पाहून सर म्हणाले, "पोरी, हे आकडं लई गुळगुळीत हायत. कुठनं आणलंस?" पुस्तकातला नियम पुढे ठेवून मी ते खोलीवर बसून जुळवले होते. सरांनी पानावर आडवी रेघ मारली. मला रडू आले, आणि खरे सांगायचे तर सरांचा रागही आला.

उपकरणे सर स्वतः करीत. ज्वारीच्या ताटातल्या मऊ गाभ्याच्या गोळ्या, त्यांवर शिसपेन्सिलीची पूड, रेशमी धागा आणि मागे कागदी मोजपट्टी. एक प्रभारित गोळी दुसरीला किती दूर ढकलते, ते पाहायचे. प्रभार निम्मा केला की क्षेत्र निम्मे होते. अंतर दुप्पट केले की चौथाई उरते. हवा मात्र कोरडी हवी, नाहीतर प्रभार निसटून जातो. सर म्हणत, "दुष्काळानं समदं नेलं, हवा तेवढी कोरडी ठेवली. प्रयोग तरी करून घ्या." हे सांगताना ते हसत नसत. भोकरकडे त्यांच्या भावाच्या शेतात त्या साली पेरलेले उगवलेच नव्हते.

वार्षिक प्रात्यक्षिकाला बाहेरगावचे परीक्षक येणार होते. नापास झाले तर वडील मला परत नेणार, हे ठरलेले होते. पाहुण्यांपुढे धूळ दिसू नये म्हणून मी पहाटे वसतिगृहातले दोन घागरी पाणी नेऊन प्रयोगशाळेत सडा टाकला आणि वारा आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. घरी पाहुणे येताना आई हेच करायची. नेमका मला तोच प्रयोग आला. गोळ्या जेमतेम हलायच्या आणि पुन्हा लोंबकळायच्या. बरोबर आकडे मला तोंडपाठ होते. सर दारात पाठमोरे उभे होते. पेन बराच वेळ हातात तसेच राहिले. मग जे दिसले तेच मी लिहिले.

"नियम कुठे आहे यात?" परीक्षकांनी विचारले.

"साहेब, सडा म्याच टाकला. हवा ओली झाली, प्रभार निसटून गेला."

जेमतेम पास झाले. सर म्हणाले, "मार्क कमी पडले, ते बरोबरच पडले. पर पोरींचं पाणी सांडलंस, ते न्हाई बरं केलंस." मान वर करायची मला लाज वाटली. त्याच संध्याकाळी आपल्या घरच्या वाट्याच्या दोन घागरी सायकलला बांधून सर वसतिगृहाच्या फाटकाशी उभे होते. कुणाला काही न सांगता त्या ठेवून ते गेले.

पुढे मीही नांदेडला तीस वर्षे हाच प्रयोग शिकवला. सर तापट आहेत, हट्टी आहेत, आपले कौतुक ऐकून घेत नाहीत. या गौरवग्रंथासाठी लिहिते आहे असे कळवले, तेव्हा फोनवर म्हणाले, "फुगवून लिहू नकोस. दिसलं तेवढंच लिही."

सर, वरचा एकही शब्द जुळवलेला नाही. आपणांस निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही इच्छा तेवढी मी मोजपट्टी न लावता लिहिते. इथे मात्र रेघ मारू नका.