आर्वोची रायफल

हेल्मी रौटिओचा नवरा आर्वो वसंतात गेला. नोव्हेंबरमधला शिकारीचा मोसम जवळ आला तसा तिनं ठरवलं, या वर्षी हरणाला आपणच जायचं. लग्नाआधी ती बापाबरोबर शिकारीला जायची. पुढं शाळेची बस चालवण्यात आणि घरात ते सुटलं. तिची स्वतःची रायफल कधीच विकली गेली होती, म्हणून आर्वोची काढली.

शेजारचा रेनो तिला गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत घेऊन गेला. तो आणि आर्वो जन्माचे शिकारी सोबती. शंभर यार्डांवर पुठ्ठ्याचं मोठं खोकं उभं केलं, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली. हेल्मीनं खोक्यावरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही ठिपक्याच्या हातभर वर लागल्या, पण एकमेकींना इतक्या चिकटून, की वर बशी ठेवली तर झाकल्या जातील.

आपलाच हात बिघडला, असं तिला वाटलं. मग रेनो बसला. त्याच्याही गोळ्या तिथंच. त्यानं रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू तपासले. एकही ढिला नव्हता.

"ढिली असती तर गोळ्या इकडंतिकडं गेल्या असत्या," तो म्हणाला. "हिचा नेम कुणीतरी वर नेऊन ठेवलाय."

हेल्मीला काही उमगेना. आर्वो दर शरदात एकटाच इथं रायफलीचा नेम जुळवायला यायचा. तरी अलीकडं दर वर्षी शिकारीहून रिकाम्या हातानं परतायचा, "हुकलं" म्हणायचा. रेनोनं दिलेल्या मांसावर हिवाळा निघायचा. म्हातारा झालास, म्हणून ती त्याला डिवचायची आणि तो हसायचा.

"गाडीत आपटली असेल," रेनो म्हणाला, पण त्याचाच त्यावर विश्वास दिसेना.

"मग त्याला कळलं नसतं?"

"आर्वोला? न कळायला काय झालं?"

हातभर वर, म्हणजे गोळी हरणाच्या पाठीवरून निघून जाणार. मारायचंच नव्हतं तर तो थंडीत दिवसदिवस झाडावरच्या मचाणावर का बसत होता? आणि रेनोला सोडा, तिला तरी का सांगितलं नाही? दुर्बिणीची फिरकी फिरवताना तिचा हात दोनदा थांबला. शेवटी तिनं नेम खाली आणला. पुढची गोळी ठिपक्यात बसली.

मोसमाच्या पहिल्याच सकाळी देवदारांतून एक नर बाहेर आला. हेल्मीनं चाप ओढला. तो चार ढांगा धावून कोसळला. तिला आनंद झाला आणि लगेच रडूही आलं. कशाचं, ते तिला सांगता येईना.

दोघांनी हरीण बर्फावरून ओढत आणलं. वाटेत तिनं विचारलं, "रेनो, मी चुकले का रे?"

रेनोनं दोरी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मला माहीत असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी त्याला ओळखतो."

संध्याकाळी तिनं कांदा घालून काळीज परतलं आणि रेनोला जेवायला बोलावलं. दोघं पोटभर जेवले.