पडद्यावरची रेघ

अजीजा मुजावर सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. तिच्या टेबलावर ज्वारीच्या दाण्याएवढे तीन लेझर आहेत. पहिले दोन्ही लागले तरच तिसरा उजळतो; उजेडाकडून गणित करून घ्यायचा हा प्रयोग. तिसऱ्याचा उजेड समोरच्या पडद्यावर रेघ होऊन पडतो; जवळून कुणी धावलं की टेबल हादरतं आणि ती रेघ थरथरते. म्हणून अकरा वर्षं ती पोरांवर खेकसत आली, "दारातच थांबा की, लई नाचू नका."

यंदा भौतिकशास्त्राला एकाही पोरानं प्रवेश घेतला नाही. तरी ती रोज लेझर लावते. रेघ महिनाभर सरळ आहे.

काल दुपारी ती दारात जाऊन उभी राहिली. तिनं जोरात टाच आपटली. रेघ थरथरली आणि पुन्हा सरळ झाली. तिनं परत आपटली.