अप्पांची सर्वनामं

जगातली निम्मी भांडणं चुकीच्या सर्वनामामुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. बँकेनं मला उदगीरहून कर्नाटकात चिटगुप्प्याला पाठवलं, तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली मी भाड्यानं घेतली. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी सकाळी सातला दार वाजलं. मी आतूनच "कोण?" म्हणून ओरडलो, तर बाहेरून खणखणीत उत्तर आलं, "इट इज आय." मला वाटलं, बँकेची तपासणी आली. घाईघाईनं शर्ट चढवून दार उघडलं, तर कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले, काडीसारखे अप्पा उभे. नळाला पाणी आल्याचं सांगायला आले होते. ते सांगून झालं तरी हलेनात. शेवटी म्हणाले, "लई लोक इट इज मी म्हणतात. तुम्ही बँकेतले. म्हणून सांगून ठिवायलोय."

तालुका कचेरीसमोर त्यांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. पूर्वी तिथंच टायपिंगचा क्लास चालायचा. यंत्रं गेली, संगणक आला, अप्पा तसेच राहिले. इंग्रजी अर्ज टाइप करून घ्यायला जनवाड्यापासून लोक येत. इतक्या लांबून येण्याचं कारण एवढंच, की अप्पांच्या अर्जात कुणी कुणाला मारलं हे वाचणाऱ्याला नीट कळायचं. एकदा एक शेतकरी कुणाकडून तरी लिहून घेतलेला कागद घेऊन आला. त्यात होतं, की त्यानं त्याला ढकललं आणि त्याचा बैल त्याच्या रानात शिरला. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ह्यातला पहिला त्यो कोण? दुसरा कोण? आन् बैल कुणाचा?" शेतकऱ्यानं सांगायला सुरुवात केली. दोन चहा झाले. तेवढ्यात ज्याच्याविरुद्ध अर्ज होता तोही शोधत आला आणि बैल कुणाचा यावर तोही सांगू लागला. अप्पा दोघांचं ऐकून हे सर्वनाम खोड, तिथं नाव घाल, असं करत राहिले. सगळी नावं जागच्या जागी बसल्यावर दोघांच्याही लक्षात आलं, की भांडण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. अर्ज तसाच राहिला. अप्पांना त्याचं वाईट वाटलं; फार सुंदर मसुदा झाला होता म्हणे.

इंग्रजी आपल्या माणसाला का येत नाही, याचंही त्यांचं एक शास्त्र होतं. ते म्हणायचे, "मराठीतल्या मी नं घात केला. आपला मी म्हणजे करणारा. इंग्रजीतला मी म्हणजे ज्याला होतं त्यो. दोघांचा आवाज एक, म्हणून पोरं सगळीकडं मी घुसडतात. आन् ही बघा. मराठीत ही म्हणलं की बाई उभी राहती, इंग्रजीत ही म्हणलं की बाप्या. कन्नडवाल्यांचं बरं हाय, त्यांना हा त्रास न्हाई." मग ते कन्नडवाल्यांचे निराळे त्रास सांगायला घेत. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चाले, गिऱ्हाईक दखनीतून बोले, आणि या सगळ्यांच्या चुका अप्पा सारख्याच प्रेमानं काढत. त्यांच्या पत्नीला, म्हणजे अक्कांना, त्यांनी लग्नानंतर इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी 'शी' आलं. अक्का सांगायच्या, "जेवायला बसल्यावर शी शी कामून करायलाव, म्हणलं मी. तवापासून माझी शाळा बंद झाली ती झालीच."

एवढ्या बोलक्या माणसाच्या घरी त्यांचा धाकटा भाऊ कधीच कसा दिसत नाही, असं मी एकदा अक्कांना विचारलं. तो कमठाण्याला शेती करतो, एवढं मला ठाऊक होतं. अक्कांनी निवडत असलेली डाळ बाजूला सारली. मग त्यांनी सांगितलं.

सहा वर्षांपूर्वी भावाच्या मुलीचं लग्न होतं. त्यानं हौसेनं पत्रिका छापली, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इंग्रजी मजकूर त्यानं स्वतः जुळवला होता, कुणाला न विचारता. सुरुवातच होती, 'मी अँड माय फॅमिली.' अप्पांच्या हाती ती पत्रिका पडली मांडवात, व्याह्यांच्या शेजारी बसलेले असताना. त्यांनी खिशातला पेन काढला, दुरुस्ती केली, आणि व्याह्यांना ती समजावूनही सांगितली. दोन-चार माणसं हसली. भाऊ अक्षता वाटत होता. तो तसाच आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तू ऊठ इथनं." जन्मभर तो थोरल्या भावाला 'अण्णा, तुम्ही' असंच म्हणत आला होता. अप्पा उठले. मुलीच्या डोक्यावर अक्षता न टाकताच ते चिटगुप्प्याला परत आले.

"चूक कुणाची म्हणायची?" मी विचारलं.

"दोघांनाबी ठावं हाय," अक्का म्हणाल्या आणि डाळ पुढं ओढली.

मी चिटगुप्प्यात होतो त्या वर्षीच्या थंडीत या भावाला कापरं भरून ताप आला, आठ दिवस त्याला बिदरला दवाखान्यात ठेवलं आणि बरा होऊन तो घरी गेला. हे सगळं अप्पांना कळलं ते अर्ज टाइप करायला आलेल्या एका परक्या माणसाकडून. त्या दुपारी त्यांनी मला दुकानात बोलावलं. संगणकासमोर बसले होते आणि पडदा कोरा होता.

"मराठीत लिहायला बसलो," ते म्हणाले. "'तू' लिहिलं तर वाटंल, अजून थोरलेपण दाखवायलाय. 'तुम्ही' लिहिलं तर वाटंल, टोमणा मारायलाय. कन्नडातबी तीच गत. इंग्रजीत यू. लहान न्हाई, थोर न्हाई. इंग्रजीत लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं. दोनच वाक्यं. 'आय वॉज राँग. यू वेअर नॉट.' मी मागं उभा राहून वाचत होतो. तिसऱ्या वाक्याला त्यांची बोटं थांबली. ये, आपण मिळून जेवू, एवढंच लिहायचं होतं. 'वी' टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं.

"ह्या वी मधी त्यो हाय का न्हाई, कसं कळावं त्याला? वी म्हणजे आम्ही बी होतं. आम्ही जेवतो, तू बघ, असं बी होतं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इंग्रजीत खोट निघाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हता. पुष्कळ वेळानं त्यांनी कागद छापून घेतला, मोकळ्या सोडलेल्या जागी पेनानं मराठीत 'आपण' लिहिलं, आणि पाकीट बंद केलं. एका वाक्यात दोन भाषा मिसळणाऱ्याला ते अडाणी म्हणत असत.

पत्र गेलं. आठ दिवस झाले, दहा झाले. अप्पा पोस्टमनला लांबूनच ओळखू लागले. लोकांच्या अर्जातल्या चुका त्यांच्या नजरेतून सुटू लागल्या. एकदा तर 'हिम वेंट' तसंच छापून गेलं आणि तालुका कचेरीतला कारकून काळजीनं विचारायला आला, की अप्पांची तब्येत बरी आहे ना.

बाराव्या दिवशी, शनिवारी, बँक लवकर सुटली म्हणून मी दुकानात पेपर वाचत बसलो होतो. समोर चार-पाच माणसांची रांग होती. अप्पा मान खाली घालून टाइप करत होते. एकाचं झालं, दुसऱ्याचं झालं. पुढच्या माणसाकडं न बघताच त्यांनी हात पुढं केला. "काय टाइप करायचंय?"

"टाइप न्हाई," तो माणूस म्हणाला. "जेवायला आलोय, अण्णा."

त्याच्या हातात पिशवी होती, वर हरभऱ्याचे टहाळे डोकावत होते. आजारानं उतरलेला चेहरा, पण नाक थेट अप्पांचं. रांगेत निदान पाऊण तास उभा असेल. अप्पा उठले आणि पुन्हा बसले. मागच्या माणसाला म्हणाले, "सोमवारी या," आणि त्यांनी दुकानाचं शटर ओढलं.

मलाही पानावर बसवून घेतलं. अक्का दोघांना वाढत होत्या, एकाला वाढलं की दुसरा त्याला आणखी वाढायला सांगायचा. भात आला तेव्हा भाऊ ताटाकडं बघतच म्हणाला, "अण्णा, त्या पत्रिकेत काय लिहायला पाहिजे होतं? तवा ऐकलंच न्हाई मी."

अक्कांचा हात थांबला. सबंध तालुक्याच्या चुका तोंडपाठ असलेला तो माणूस वरणात भात कालवत राहिला.

"आता आठवत न्हाई रे मला," अप्पा म्हणाले. एक घास खाऊन म्हणाले, "पोरगी कशी हाय? अक्षता राहिल्यात माझ्या."

पुढच्या वर्षी माझी बदली लातूरला झाली. अप्पांनी शनिवारचं दुकान बंद ठेवायला सुरुवात केली होती. शनिवार-रविवार ते कमठाण्याला असतात. मधे एकदा फोन केला, तर मागं वारा आणि माणसांचा गलका. मी मुद्दामच विचारलं, "अप्पा, एका पत्रात अडलोय. इथं हू येईल का हूम?"

"आता तूर काढायलाव आम्ही," ते म्हणाले. "काहीबी लिहा, वाचणाऱ्याला कळतंय." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेले.

फोन ठेवला. पत्र पूर्ण केलं. पण दिवसभर काहीतरी चुकल्या-चुकल्यासारखं वाटत राहिलं.