खरकट्या हातांची शिकवणी

मोबाइल समोर आला की आमच्या धाकट्या सिस्टरचा हात आपोआप पुढे व्हायचा. "द्या इकडं," म्हणायची, आणि समोरचीनं चष्मा शोधेपर्यंत काम झालेलं असायचं. मुकुटबनकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरण, औषधांचा साठा सगळं ऑनलाइन झालं, तेव्हापासून साऱ्या सिस्टरांचे पासवर्ड हिलाच पाठ. मी या सगळ्याजणींची पर्यवेक्षिका. काम वेळेत वर जात होतं, वरून कोणी ओरडत नव्हतं, त्यामुळे यात वावगं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

मग तिची बदली झाली. तिनंच मागितलेली. फुलसावंगीजवळच्या तांड्यावर तिची आई एकटी होती, लकव्यानं एक बाजू गेलेली. जिल्ह्याचं हे एक टोक, ते दुसरं. सुटीच्या दिवशी जाऊन यायचं म्हटलं तरी अर्धा जीव एसटीतच जायचा. बदलीचा आदेश आला, पेढे वाटून झाले, आणि डॉक्टरसाहेबांनी हात वर केले. ही गेली तर रिपोर्ट कोण भरणार? बाकीच्यांना जमू लागलं की सोडतो, म्हणाले. त्यांचंही काही चूक नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली. मी आधी रीतसर प्रशिक्षण ठेवलं. भिंतीवर प्रोजेक्टर, समोर खुर्च्या, सगळ्याजणी माना डोलावतायत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल पुन्हा धाकटीच्या टेबलावर! मग जोड्या लावल्या. धाकटीला बजावलं, करून द्यायचं नाही, दाखवायचं. "हो मॅडम," म्हणाली, आणि मी पाठ फिरवताच आलंच ते "द्या इकडं." दुसऱ्याचं चाचपडणं तिला बघवायचंच नाही. कुणाच्या चांगल्या स्वभावाचा मला एवढा वैताग कधी आला नव्हता.

सगळ्यात अवघड थोरल्या सिस्टर. निवृत्तीला आलेल्या. अडलेल्या बाळंतिणीपुढे बर्फासारख्या थंड, पण नोंदींच्या टॅबकडे विंचू दिसल्यासारख्या बघायच्या. त्याला कारणही होतं. सुरुवातीला त्यांनी स्वतः नोंदणी केली होती, आणि ज्या बायांकडे मोबाइल नव्हता त्या सगळ्यांपुढे स्वतःचाच नंबर टाकला होता. त्यानंतर कितीतरी दिवस 'आपल्या प्रसूतीची तारीख जवळ आली आहे' असे मेसेज त्यांना येत राहिले, आणि त्यांच्या मालकांनी ते पाहुण्यारावळ्यांत मोठ्यानं वाचून दाखवले. तेव्हापासून त्यांनी टॅबला बोट लावलं नव्हतं.

उपाय मी काढला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तो निघाला दुपारच्या डब्यातून. आम्ही गोल करून जेवायला बसलो होतो. धाकटीनं भाकर वांग्याच्या भाजीत कुस्करली होती, हात चांगला माखलेला. तेवढ्यात थोरल्यांना आठवलं, सकाळच्या एका बाईची नोंद राहिली होती. त्यांनी टॅब पुढे केला.

"पोरी, एवढं करून दे व."

"माह्या हात खरकटा हाय ताई. तुमीच दाबा. खाली हिरवं बटन हाय पाहा."

"इथं तं दोन हायेत."

"मंग वाचा नं काय लिवलं ते."

"मले नाई जमत, बाई."

"जमते. कायले भेता? चावते थोडंच ते!"

थोरल्यांनी श्वास रोखला आणि दाबलं. नोंद झाली. त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"एवढंच हाय हे?" त्यांनी विचारलं. आवाजात आनंद कमी आणि चीड जास्त होती.

दुसऱ्या दिवशी मी फर्मान काढलं. मोबाइलचं काहीही विचारायचं असेल तर जेवताना, एरवी नाही. धाकटी हात धुवायला उठली की मी तिच्या ताटात आणखी वाढायची. "मॅडम, पोट फुटन माह्यं," ती कळवळायची. "फुटू दे, दवाखान्यातच बसली आहेस," मी म्हणायची. हात अडकल्यामुळे तिला तोंडानं सांगावं लागे, आणि सांगता सांगता तिला धीर धरायला शिकावं लागलं. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, जेवणाची सुटी एवढी लांबते कशी? मी म्हटलं, प्रशिक्षण चालू आहे, आणि त्यांच्याकडे भरिताची वाटी पाठवून दिली. पुढे पुढे थोरल्याच दुसऱ्या सिस्टरवर खेकसू लागल्या, "तिचा मोबाइल ओढू नको. करू दे तिले."

अशात धाकटीला गावाहून फोन आला. आई खाटेवरून पडली होती. ती मिळेल त्या गाडीनं गेली, आणि नेमका दुसऱ्या दिवशी लसीकरणाचा वार. एखादी जरी अडली असती, तरी धाकटीची सुटका पुन्हा लांबणार होती. संध्याकाळी डॉक्टरसाहेबांनी संगणक उघडला. साऱ्या सिस्टरांच्या नोंदी आल्या होत्या, जिच्या तिच्या नावानं. ते खालीवर बघत राहिले, मग त्यांनी कार्यमुक्तीच्या कागदावर सही केली. मी बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसले. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या बदलीनंही वाटलं नव्हतं.

ती गेल्यानंतरची पहिली महिनाअखेर. रिपोर्ट गेला आणि थोरल्या सिस्टरांनी स्वतःच्या मोबाइलवरून तिला फोन लावला, स्पीकरवर. पहिल्याच रिंगला उचलला तिनं.

"काय अडकलं ताई? कोणतं पान उघडलं तुमी?"

"काई नाई अडकलं. रिपोर्ट गेला बी."

"मंग फोन काहून केला?"

"तुही याडी कशी हाय, ते इचाराले."

तांड्यावर आईला याडी म्हणतात. थोरल्यांनी तो शब्द तिच्याकडून कधी उचलला होता कोण जाणे. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही तिला कामाशिवाय फोन केला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"बसते आता उठून," ती म्हणाली. मग ती आईबद्दल बोलत सुटली, आणि आम्ही सगळ्याजणी त्या मोबाइलभोवती बसून ऐकत राहिलो.