अंगातली अफू

नगरच्या एका कॉलेजात आराधना प्राणिशास्त्र शिकवायची. तिचा विषय ऐकला की लोक हसत. माशापासून माणसापर्यंत, जबडा असलेल्या प्राण्यांचं शरीर स्वतःच अफूसारखे वेदनाशामक पदार्थ बनवतं. त्यांची जनुकं चार, बहुधा एकाच जुन्या जनुकाच्या प्रती. कोट्यवधी वर्षांपूर्वी सगळा जनुकसंच दोनदा दुप्पट झाला, त्यातून निघालेल्या. त्या प्रती पुढे कशा बदलल्या हे ती मरळ माशात शोधत होती. मुलांनी तिचं नावच 'अफूवाल्या बाई' पाडलं होतं.

एका वर्षी तिच्या वडिलांच्या मणक्यात कॅन्सर पसरला. वडील फिलिप हे सोनई गावचे शेतकरी, कधी कण्हलेही नसतील असे. साध्या गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं आणि आराधनाची वणवण सुरू झाली.

पहिला दुकानदार म्हणाला, "आम्ही ठेवत नाही, मॅडम." दुसऱ्याने चिठ्ठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नशेचं आहे ना हे?" एका दवाखान्यात परवाना होता, पण साठा संपलेला. दुसरीकडे साठा होता, तर सही करणारे साहेब रजेवर.

"माझे वडील ओरडताहेत हो!"

"सोमवारी या."

तेवढ्यात तिच्या भावाचा, जॉयचा, फोन. "ताई, पप्पांना सवय लागली तर?"

"कशाची सवय रे? नाताळ बघतील का तेच माहीत नाही!"

घरी वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. "बाळा, तू म्हनत हुतीस, औषध अंगातच तयार हुतं. मग माजं कुठं गेलं?"

"आहे, पप्पा. एवढ्या दुखण्याला पुरत नाही."

"मग इतकी वरसं शिकलीस काय तू?"

तिला रडू आलं नाही, संताप आला. अंगातली अफू ज्या जुन्या कुलपात किल्लीसारखी बसते, त्यातच मॉर्फिनही बसतं, हे तिला पाठ होतं. गोळी मात्र मिळत नव्हती.

सकाळच्या एसटीने तिने पुणं गाठलं. तिथल्या वेदना-उपचार केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि औषध दिलं. इतकं सोपं होतं, म्हणून ती परतीच्या वाटेवर जास्तच चिडली.

गोळी घेतल्यावर वडिलांचा आवळलेला चेहरा हळूहळू सैल पडला. त्यांनी चहा मागितला.

"माशालाबी असंच बरं वाटतं का गं?"

"वाटत असावं."

नाताळच्या आधीच ते झोपेत गेले. मरळीचं काम बाजूला ठेवून आराधनाने साठा संपलेल्या त्या दवाखान्यात खेपा घातल्या, तिथल्या साहेबांशी ती भांडली आणि तिने मॉर्फिनचा साठा कायम ठेवायला लावला. तो खरंच आहे का, हे बघायला ती अजून जाते. तिथले लोक तिला पाहून वैतागतात.