रिकामं भांडं

करजगीत पद्माबाईच्या उंबऱ्यातून रिकामं भांडं बाहेर पडताना कुणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढं यावं. शेजारणीचा ताकाचा तांब्या परत करायचा असला, तरी ही आत चिमूटभर ज्वारी टाकल्याशिवाय द्यायची नाही. लोक हसायचे. हसा बापडे, हसायला काय लागतंय! ज्याचं जळतं त्यालाच ठाऊक.

रिकामं भांडं अशुभ म्हणून दाणे टाकायची ही रीत तशी धनगरवाड्यातली जुनीच, पण बाकीच्या बाया ती कधीच विसरल्या होत्या. एके काळी पद्माबाईही विसरायची. त्या दिवशी तिचा नवरा काशाप्पा मेंढरं घेऊन भीमेकडं निघाला, तेव्हा घाईघाईत हिनं दुधाचा मोकळा क्यान तसाच त्याच्या हातात दिला. वाळू उपसून उपसून नदीत खड्डे पडलेले. एक कोकरू त्यात घसरलं, त्याच्यामागं काशाप्पा गेला. कोकरू निघालं, काशाप्पा निघाला नाही. वाळू उपसणाऱ्यांना कुणी चकार शब्द बोललं नाही. बाया मात्र पद्माबाईकडं बघून बोलायच्या, "मोकळा क्यान दिलता की गं हातात." एवढं एक वाक्य पोटात घेऊन बाईनं आख्खी जवानी काढली.

अशा घरातल्या पोरानं पाण्यापासून चार हात लांब राहावं का नाही? पण रविकुमार बापाहून हट्टी. गोव्याला जाऊन पाण्याखाली उतरायचं शिकला आणि आता अंदमानात जहाजांच्या बुडाला लागलेली घाण खरवडतो, अडकलेले दोरखंड सोडवतो. वर तोंड करून मागच्या गल्लीतल्या मल्लप्पालाही त्यानं त्याच कामावर नेलं. मल्लप्पाचं नुकतंच लग्न झालेलं. बायको जगदेवी, हळदीचा रंग अजून उतरला नव्हता.

गावच्या जत्रेला रवी आणि मल्लप्पा दोघं आले होते. परत निघायच्या दिवशी रवीनं अंगणात घोंगडी पसरली आणि सामान भरायला बसला. रबराचा अंगरखा, पायात घालायचे बदकासारखे पंजे, तोंडात धरायची नळी. नळी त्यानं लुंगीत गुंडाळून ब्यागेच्या मधोमध ठेवली.

"चाकू खालच्या ब्यागेत, अव्वा. हातात घिऊन चढू देत न्हाईत. आन् टॉर्चच्या बॅटऱ्या काढून हातातल्या पिशवीत."

"आन् हे काय रं?" पद्माबाईनं पिवळ्या सिलिंडरला हात लावला. लहानसा होता, दुधाच्या क्यानाएवढा.

"पाठीवरच्या मोठ्या सिलिंडरातली हवा सपली, तर ह्यो. जीव वाचवायचा सिलिंडर हाय त्यो. ह्याची तोटी काढून तोंड उघडं ठिवावं लागतंय. आत मोकळा हाय का न्हाई ते विमानतळावर बघतेत."

"मोकळा?"

"एकदम मोकळा."

"मोकळा कामून न्यायलास रं लेकरा? नको की!"

"तिथं गेल्यावर हवा भरतेत, अव्वा. तू गप बस बघू." सिलिंडरच्या उघड्या तोंडावर फडकं बांधून त्यानं तो कडेला ठेवला आणि मल्लप्पाला हाक मारायला गेला.

पद्माबाई त्या सिलिंडरकडं बघत राहिली. क्यानाएवढाच, मेला! उठली, कणगीतली चिमूटभर ज्वारी घेतली, फडकं सोडून आत टाकली. दाणे टणटण वाजले. फडकं होतं तसं बांधून ठेवलं, तेव्हा कुठं तिच्या जिवाला थंड वाटलं.

तिकडं जगदेवीनंही नवऱ्याला विचारलं होतं, तुमच्या लहान सिलिंडरात पद्माबाईवानी चार दाणे टाकू का म्हणून. मल्लप्पा म्हणाला, "खुळी का काय? मोकळाच पायजे." ती बिचारी नवी, नवऱ्याचा शब्द मोडला नाही. रवी आणि मल्लप्पा गुलबर्ग्याच्या गाडीत बसले, तिथून हैदराबाद, आणि पुढं विमान. विमानतळावरच्या माणसानं तोटी काढलेली बघितली, वरवर डोकावला आणि जाऊ दिलं.

पंधरवडाही झाला नसेल, मल्लप्पाची पेटी गावात आली.

माती झाली त्या दिवशी रवी घरी येऊन अंगणातच बसला. पाणी दिलं तर प्याला नाही. मग खाली मान घालून सांगत सुटला. जहाजाखाली जाळं होतं. मल्लप्पाचा पाय त्यात अडकून तो उलटा लटकला. रवी चाकूनं जाळं कापत होता. मल्लप्पाची पाठीवरची मोठी टाकी संपली, लहान सिलिंडर काढला, तोही संपत आला. तेव्हा रवीनं आपला लहान सिलिंडर त्याच्या तोंडाला दिला.

"दोन-तीन दम आले, अव्वा. मंग बंद. आत हवा भरून हाय, बाहीर यीना. त्यो माझ्याकडं बघायलता. माझी मोठी टाकी त्याच्या तोंडाला लावस्तोर..." त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्यापुढं सोडली. काळे पडलेले, फुगलेले ज्वारीचे दाणे. "तोटीच्या नळीत बसले हुते."

पद्माबाईनं पुडी उचलून कमरेला खोचली.

"मी टॉर्च मारून आत बघायला पायजे हुतं," रवी म्हणाला. "भरायच्या आधी बघत असतेत. घाई झाली, न्हाई बघितलं. पाप माझंच हाय. तू कुणाला बोलू नको, अव्वा. तुला गावात जगू देणार न्हाईत."

आणि ती बोललीही नाही. बोलायची हिंमत कुठून आणायची?

पण मल्लप्पाच्या घरी वेगळंच चाललं होतं. त्याची आई कमलबाई येईल त्या बाईपुढं कपाळ बडवून सांगत होती, "हिनं मोकळं भांडं दिलं लेकराच्या संगं. पद्माबाईच्या पोराला काय झालं का बघा!" बाया माना डोलवत होत्या. जगदेवीनं अन्न सोडलं होतं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची.

ते कानावर आलं आणि पद्माबाईच्या पोटात ते जुनं वाक्य पुन्हा जळायला लागलं. सुतकाच्या घरी शेजारपाजारनं भाकरी-पिठलं न्यायचं असतं. तिनं पातेलं भरलं, काळे दाणे पदराच्या गाठीत बांधले आणि निघाली. रवी दारात आडवा आला. तिनं त्याला हातानं बाजूला सारलं.

जगदेवी तिला बघून उठून बसली. "पद्मक्का, त्यो बोलला म्हणून मी मोकळं दिलं गं. तुमच्यावानी टाकले असते दाणे, तर..."

"गप गं बाई, गप!" पद्माबाई ओरडलीच. गाठ सोडून दाणे तिच्यापुढं ठेवले. "तुझं मोकळं हुतं म्हणून त्यातली हवा त्याला पुरती मिळाली. अडली ती माझ्या घरची. हे दाणे मी घातले. तुझ्या नवऱ्याचा दम ह्यांनी अडवला."

कमलबाईचं रडणं मधेच थांबलं. जगदेवीनं एक दाणा बोटानं उलटून बघितला. मग उठली. पातेल्यातली पिठलं-भाकरी परातीत काढली, पातेलं विसळलं, कोरडं पुसलं आणि तसंच पद्माबाईच्या हातात दिलं.

"जावा आता," ती म्हणाली.

भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, पद्माबाई रिकामं पातेलं घेऊन घरी आली.