टेकडी गेली, खडक हरवला

परवा सावळाकाकांच्या होडीतून समुद्रात गेलो होतो. बरंच आत गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि पाण्याकडे न बघता किनाऱ्याकडे बघत राहिले. पाण्याखालचा मासळीचा खडक ते असाच शोधतात. देवळाचा कळस टेकडीच्या टोकाशी जुळला की खाली खडक आला, असं वडिलांनी त्यांना दाखवलेलं. त्याच खडकावर त्यांचं घर चालतं. पण सरकारी तेल कंपनीच्या प्रकल्पासाठी ती टेकडी सपाट झाली. आता तिथे चौदा टाक्या आहेत.

“एखादी टाकी धरा ना खुणेला,” मी म्हटलं.

“कुठली धरू, मास्तर? सगळ्या एका आईच्या पोरी. आणि नवी खूण बांधायची, मोबाइलवर का होईना, तर आधी खडकावर उभं राहायला नको?”

प्रकल्पाचा अहवाल मी ओळन् ओळ वाचला होता. त्यात टेकडी घनमीटरमध्ये होती, झाडं आणि विहिरी नगांत. झाडांच्या बेरजेत चूक निघाली म्हणून मी लेखी हरकत घेतली. ती दुरुस्त झाली आणि मला समाधान वाटलं. समुद्रातून ही टेकडी कुणी बघत असेल, हे अहवालात नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

काकांनी तीनदा होडी फिरवली, मग तळ चाचपायला दोरीला बांधलेलं शिसं खाली सोडलं. ते चिखलाने माखून वर आलं.

“यंदा थोरल्याला दाखवणार होतो,” ते म्हणाले आणि शिशावरचा चिखल अंगठ्याने पुसत राहिले.